बापसाच्या अंगातला माणूस

पूर्णगड
१२ मे २०२४

केतन,

हे पत्र सलोनीच्या पार्लरच्या पत्त्यावर टाकतेय. पत्ता सूनबाईनेच यमुनाबाईच्या फोनवर सांगितला, तिच्यावर रागावू नकोस. फोन करता आला असता. पण आपल्या घरात फोन एकच, आणि हल्ली मी फोनवर बोलायला लागले की तुझा बापूस हातातलं काम ठेवून ऐकत बसतो. आधी कधी ऐकायचा नाही. माझं बोलणं ऐकण्यासारखं असतं असं त्याला आत्ताच का वाटायला लागलं, ते मला कळत नाही. म्हणून पत्र. त्याला वाटतंय मी यमुनाबाईकडे कोकमं फोडायला आलेय.

अपघाताचं तुला कळलंच आहे. शिमग्यानंतर लाँचवर जाळं ओढताना कप्पी तुटली आणि ते लोखंड त्याच्या कपाळावर बसलं. लाँचवर बरोबर असलेल्या सदूकाकाने बेशुद्धच आणला त्याला. कोल्हापूरला नेलं, डोकं उघडलं. तू आला नाहीस. मी विचारत नाही का आला नाहीस. ज्याने तुला नमनाच्या भर खेळातून, राधेच्या लुगड्यात, केसांचा टोप उपटून, सगळ्या गावादेखत फरफटत घरी आणलं आणि "हा माझा पोरगा नाय" म्हणून बाहेर काढलं, त्याच्या उशाशी तू का बसावंस?

आता तो चालतो, जेवतो, बोलतो. लाँच सदूकाका बघतो. मी बरी आहे.

लिहायचं ते हे, की घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याचं ताट वाढलं आणि मागे सरकले, नेहमीसारखी, हात पोचणार नाही इतकी. तो म्हणाला, "तू जेवलीस काय?"

केतन, लग्न झाल्यापासून त्याने मला हे कधी विचारलं नव्हतं. मी परसात गेले आणि विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिले. मला रडू आलं नाही. मला भीती वाटली. याला काहीतरी हवं आहे, हेच पहिलं मनात आलं.

पत्राला उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस.

आई


पूर्णगड
२ जून

केतन,

सलोनीचा निरोप मिळाला. "बरा झाला असेल तर चांगलं आहे," एवढंच तू म्हणालास म्हणे. बरा झाला की काय झाला, तेच मी बघतेय.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसलाय, स्वभाव बदलू शकतो. कुणी जास्त तापट होतो, कुणी उलटा. टिकेल की जाईल, सांगता येत नाही. मी मान हलवली. पण खरं सांगू, मला पटलं नाही. स्वभाव म्हणजे काय कपाळात ठेवलेली वस्तू आहे, लोखंड लागलं आणि सांडली?

मग मी त्याची परीक्षा घ्यायला लागले. तुला हसू येईल. मला येत नव्हतं.

बांगड्याच्या कालवणात मुद्दाम मीठ जास्त घातलं आणि दाराजवळ उभी राहिले, पळता यावं म्हणून. त्याने दोन घास खाल्ले, पाणी प्यायला, म्हणाला, "मीठ वाढलंय गो. तुला बरं नाय वाटत काय?" त्याची छत्री मीच लपवली आणि हरवली म्हणून सांगितलं. "मिळंल," म्हणाला आणि डोक्यावर प्लास्टिक घेऊन गेला. समोरच्यांच्या मांजरीने ओट्यावर पिल्लं घातली तर त्यांना गोणपाट पसरून दिला. गेल्या वर्षी याच मांजरीला त्याने वल्हं फेकून मारलं होतं.

मला वाटलं, हा माणूसच दुसरा आहे की काय. वेड लागल्यासारखं वाटेल, पण मी त्याला असल्या गोष्टी विचारल्या ज्या आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नाहीत. माझ्या बाळंतपणात तो कुठे होता. माझ्या बापाने लग्नात काय कबूल करून दिलं नाही. माझ्या खांद्याचं हाड कशाने सरकलं. त्याने सगळ्याची उत्तरं बरोबर दिली. खांद्याचं सांगताना तर तारीख-वार सोडून सगळं सांगितलं, मी विसरले होते तेसुद्धा.

मी म्हटलं, "मग तेव्हा एवढा राग कशाचा आला होता तुम्हाला?"

 "आठवतंय सगळं," म्हणाला. "तू कुठं उभी होतीस, मी काय बोललो, सगळं. पण राग कुठून यायचा, ते नाय आठवत. शोधतंय मी. गावत नाय."

मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. खोटं बोलताना त्याची डावी पापणी लवते. लवली नाही. पण पापणीचाही काय भरवसा, तीही कपाळाखालीच असते.

सोंग असेल तर फार मोठं सोंग आहे. आणि सोंग कुणी उगाच करत नाही.

आई


पूर्णगड
२३ जून

केतन,

बाळाची बातमी सलोनीने सांगितली आणि मी तिथेच यमुनाबाईच्या हातावर साखर ठेवली. तिला आंबट काय काय खावंसं वाटतं ते कळव, आमसुलं, लोणचं पाठवते.

तू पहिल्यांदाच काहीतरी विचारलंस. "गणपतीला सलोनीला घेऊन आलो तर चालेल का? तो नीट वागेल का? तू सांगशील तसं." तू माझ्यावर टाकलंस हे.

मग मलाही एक लपवलेलं सांगायला हवं. मेपासून तो रोज तुझं नाव काढतो. "केतन कसा आहे? येईल काय? त्याला लिही ना." मी तुला हे कळवलं नाही, आणि त्याला सांगितलं की तुझा पत्ता माझ्याकडे नाही. कारण मला वाटत होतं की हे सगळं त्यासाठीच चाललंय. लाँच सदूकाकाच्या हातात गेलीय, त्याला ते सलत असणार. मुलगा परत आला की लाँच परत हातात. म्हणून हा गोडवा, असा मी हिशेब मांडला.

आता तर अजून एक गोष्ट. मंगळवारी आणि शुक्रवारी तो दुपारची एस.टी. धरतो. कुठे जाता विचारलं की म्हणतो, "काम हाय." पिशवीत काहीतरी असतं, वरून कागद गुंडाळलेला. संध्याकाळी येतो तेव्हा पँटच्या पायाला चिखल, हाताला ओरखडे. यमुनाबाईच्या भावाने त्याला पावसला उतरताना बघितलं. पावसला आपलं कोण आहे? ना नातं, ना धंदा.

यमुनाबाई म्हणाली, "गंगे, भागोजीची कोण बाई असंल." मी म्हटलं, असू दे. मला खरंच तसंच वाटलं. बाई निघाली तर बरं होईल, निदान या गोडव्याचं कारण तरी कळेल.

तोवर तुला हो म्हणत नाही. येऊ नकोस.

आई


पूर्णगड
१४ जुलै

केतन,

मी गेले होते त्याच्या मागे. परवा, शुक्रवारी. तो पुढच्या दाराशी बसला, मी डोक्यावरून पदर ओढून मागच्या बाकावर. पावसला उतरून तो डावीकडच्या पाणंदीने चालायला लागला. पाऊस होता. दोन्ही बाजूला आंब्याच्या बागा, कातळावरून पाणी वाहत होतं. त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही. पूर्वी तो मागे बघितल्याशिवाय चालायचा नाही.

एका बागेच्या राखणीच्या खोपीपाशी तो थांबला. पिशवीतला कागद सोडला, आत सौंदाळे मासे होते. ते पडवीत ठेवले, कोपऱ्यातला कोयता घेतला आणि वाकून कलमांच्या बुंध्यापाशी वाढलेलं गवत कापायला लागला. खोपीच्या दारात एक माणूस खुर्चीवर बसून बघत होता. माशांना त्याने हात लावला नाही.

मी जवळ गेल्यावर ओळखलं. अनिल. आपल्या लाँचवर खलाशी होता तो. तू शाळेत होतास तेव्हा जेटीवर पाय घसरून पडला आणि खुबा मोडला, लंगडा झाला, मग समुद्र सुटला त्याचा. तुला त्याने शिडाची गाठ शिकवली होती, आठवतो का?

"वैनी, तुम्हीपण आलात?" तो म्हणाला. "बरं झालं. याला घरी घेऊन जा."

"हे इथं काय करतात?"

"त्यालाच विचारा. महिना झाला. गवत काढतो, पाणी भरतो, कुंपणाच्या काट्या बांधतो. मी येऊ नको सांगतो तरी येतो." मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "पाय घसरला नव्हता माझा. यानं ढकललं होतं. जाळं फाटलं म्हणून. वरून सगळ्यांना दम दिला, कोण बोललं तर लाँचवर पाय ठेवू देणार नाय."

मला माहीत नव्हतं, केतन. देवाशपथ. पण ऐकल्यावर नवल वाटलं नाही.

"माफी मागितली यांनी?" मी विचारलं.

"मागितली की. पहिल्याच दिवशी. हात जोडून."

"मग?"

अनिल हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "वैनी, इतकी वर्षं मी त्या भागोजीला रोज शिव्या घालून झोपलोय. एकदा समोर येऊ दे, एवढंच मागणं होतं. तो भागोजी, ज्याला बघून जेटीवरची माणसं बाजूला व्हायची, तो माझ्यासमोर वाकायला हवा होता. आणि आला कोण, तर हा. हा गवत काढतो, हा विचारतो दुखतंय काय. याला मी ओळखत नाय! यानं माझं काय बिघडवलंय, याला मी कशाची माफी देऊ? आणि ज्यानं बिघडवलं तो आता मला कधीच गावणार नाय."

 तो जे बोलला ते मी मे महिन्यापासून मनात घेऊन फिरत होते, मला फक्त शब्द सापडत नव्हते.

तुझ्या बापसाने हे सगळं ऐकलं. कोयता हातात तसाच. मग तो परत वाकला आणि गवत कापायला लागला. बुंधा पुरा झाल्यावरच थांबला.

परतीच्या एस.टी.त आम्ही शेजारी बसलो. लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "अनिल बोलला ते बरोबर हाय. तो माणूस वेगळा होता, गंगे. मी नाय तो."

आणि मला राग आला. मला, केतन. आयुष्यात कधी आला नव्हता तसा. मी म्हटलं, "तुम्ही नाय तर कोण? माझा खांदा कुणी मोडला? पोराला कुणी घालवलं? कपाळावर लोखंड बसलं की माणूस सुटला? मग मी पण सुटते. मी पण सांगते, ती गंगा वेगळी होती, जिने तुमची भांडी घासली!" पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. त्याने मान खाली घातली. 

घरी येऊन मी विचार करत बसले. मी त्याला काय म्हणून ओळखत होते? जिन्यावरच्या पावलावरून. पाऊल जड वाजलं की चूल सोडायची, हलकं वाजलं की पाणी द्यायचं, दाराची कडी आपटली की तुला मागच्या खोलीत ढकलायचं. माझं सगळं शहाणपण त्याच्या रागाभोवतीच वाढलं. अजूनही पाऊल वाजलं की मी उठून उभी राहते. आणि आत येणारा विचारतो, "बसतेस काय? चहा मी टाकतो." मग मी उठलेली कुणासाठी? तो बदलला की नाही ते राहू दे, मीच आता कोण आहे ते मला सांगता येत नाही.

बाई निघाली नाही. लाँचचा डावही नसावा. पण जो माणूस "मी तो नाही" म्हणतो, त्याच्या घरात मी तुझ्या पोटुशा बायकोला कशी बोलावू? उद्या परत तो दुसरा आला, तर हा म्हणेल, तोही मी नव्हे.

येऊ नकोस अजून.

आई


पूर्णगड
२१ ऑगस्ट

केतन,

घाईने लिहितेय, अक्षर लागलं नाही तर सलोनीला दाखव.

परवा नारळी पौर्णिमा झाली. सगळी वाडी जेटीवर होती. लाँच रंगवलेली, पताका लावलेल्या. सदूकाकाने तुझ्या बापसाला मान म्हणून नारळ सोडायला बोलावलं. त्याने सोडला. सगळं चांगलं चाललं होतं. मग सदूकाका, थोडी घेतलेली होती त्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भागोजी, गणपतीला तुझी राधा येणार काय रे मुंबईवरून? लुगडं हाय ना घरात, का आम्ही आणू?"

लोक हसले.

मी तुझ्या बापसाच्या मागेच होते. मला त्याची मान दिसली. मानेची ती शीर उठली, जी मी मार्चपासून बघितली नव्हती. पुढच्या क्षणाला सदूकाकाची गळपट्टी त्याच्या मुठीत होती आणि सदूकाका जेटीच्या कडेला, टाचा हवेत. तोच चेहरा, केतन. तेच डोळे. हसणारे बाजूला झाले. खाली भरतीचं पाणी होतं आणि लाँचची कड.

आणि मला काय वाटलं ते तुला सांगितलंच पाहिजे, नाहीतर मी तुला लिहिलेल्या सगळ्याला अर्थ नाही. मला हायसं वाटलं. आला, मनात म्हटलं. माझा ओळखीचा माणूस आला. आता काय करायचं ते मला ठाऊक होतं. पाय आपोआप मागे सरकले.

तो ढकलणार होता. मी त्याचा दंड बघितलाय असा ताठलेला, मला चुकणार नाही. सगळा जोर खांद्यातून खाली आला आणि कोपरापाशी थांबला. तिथेच थरथरत राहिला. त्याचं तोंड घामाने भिजलं. जसा काही तो सदूकाकाला नव्हे, भरल्या जाळ्याला एकटा ओढत होता. मग त्याने सदूकाकाला आत घेतलं, कडेपासून दूर, आणि मूठ सोडली. एकेक बोट करून सोडली. आणि तिथेच जाळ्याच्या ढिगावर बसून लहान पोरासारखा रडायला लागला.

तो घरी निघाला. मी अंतर ठेवून चालत होते. ओटीवर बसल्यावर म्हणाला, "गंगे, राग आला गो आज. गावला."

"बघितलं मी."

"माझाच हाय तो." त्याने उजवा हात पुढे करून बघितला. "हात माझा, राग माझा. आज मी थांबलो, म्हणजे तेव्हा पण थांबता आलं असतं. अनिलला ढकललं तो मीच. तुझा खांदा मी मोडला. केतनला मांडवातून ओढलं, तो पण मीच. दुसरा कोण नव्हता."

मी उंबऱ्यावर बसले. त्याच्यापासून हात पोचेल इतक्या अंतरावर. बसल्यावर लक्षात आलं. उठले नाही.

एवढे दिवस तो माझ्याशी गोड बोलत होता आणि माझा विश्वास बसत नव्हता, कारण त्यात त्याचं काही खर्ची पडत नव्हतं. गोडवा लोखंडाने दिलेला. पण जेटीवर जे थांबलं ते लोखंडाने थांबवलं नाही. ते मी डोळ्यांनी बघितलं.

काल मंगळवारी तो पावसला गेला. अनिलला म्हणाला, "त्या भागोजीला शोधत होतास ना, तो हाय. आलाय." अनिलने त्याला मन भरेपर्यंत शिव्या घातल्या म्हणे, आईबापावरून. हा उभा राहून ऐकत होता. माफ केलं का, मी विचारलं. "नाय," म्हणाला. "पण मासे ठेवून घेतले."

आई


पूर्णगड
३० ऑगस्ट

केतन,

तू पुन्हा विचारलंस, गणपतीला येऊ का. तुमचा पत्ता आणि बाळाचं मी त्याला आता सांगितलंय. मी हो म्हणणार होते. पण तोच म्हणाला, नको.

"सलोनीला या घरात आणायला सांगू नकोस. राग परत येईल, आता मला ठाऊक हाय. मी थांबेन, पण शपथ घेऊन सांगायला मला तोंड नाय. आणि पोराने का यावं? त्याला मी घालवला. मी जातो."

मग आम्ही निघतोय. बुधवारच्या सकाळच्या गाडीने. सगळी मुंबई गणपतीला इकडे उतरत असताना आम्ही तिकडे, बसायला जागा तरी नक्की मिळेल. विरारला उतरून पत्ता विचारत येऊ. तुला नाटकाच्या कपड्यांचं शिवणकाम संध्याकाळपर्यंत असतं, सलोनीने सांगितलंय, म्हणून संध्याकाळीच पोचू.

तो वर येणार नाही. रस्त्याच्या पलीकडे उभा राहणार म्हणतो, तुला खिडकीतून दिसेल असा. तुला खाली यावंसं वाटलं तर ये. शिव्या घालायच्या असतील तर घाल, तो ऐकेल. नाही वाटलं तर पडदा ओढून घे, तो धर्मशाळेत राहील आणि गुरुवारी परत जाईल. त्याने मला तुझ्यासाठी काही बोलायला सांगितलेलं नाही. मीही त्याच्या बाजूने एक शब्द बोलणार नाही, आणि त्याची हमी घेणार नाही. कुठल्याच माणसाची हमी दुसऱ्याने घ्यावी असं मला आता वाटत नाही. त्याला काय म्हणायचं ते तू त्याच्या तोंडाकडे बघून ठरव, मी केलं तसं. मला चार महिने लागले. तुला जास्त लागले तर लागू देत.

फक्त, तो खाली उभा असला तरी मी वर येणार आहे, केतन. जिना चढून, माझ्या पायांनी. माझं पाऊल कसं वाजतं ते तू विसरला असशील, म्हणून नाव घेऊन हाक मारीन.

मला दार उघड.

आई